देवापुढची जळती उदबत्ती

मंडळी, ऐका! आज गोष्ट नंतर, आधी प्रश्न. आणि उत्तर तुम्हीच द्यायचं!

देवळात आरती झाली. देवापुढं उदबत्ती जळतेय. अर्धी जळाली, अर्धी राहिली. तेवढ्यात एक बाई पुढं झाली, तिनं ती जळती उदबत्ती उचलली, पदराआड धरली आणि चालली घरी! आता सांगा, ही चोरी की पूजा?

बोला की! देवळात आलात म्हणून तोंडाला कुलूप? तुम्ही सांगा, फेटेवाले. काय? ‘चोरी’! वा! फैसला झाला, शिक्षा तेवढी बाकी! आणि मावशी, तुम्ही काय म्हणता? ‘कशाला नेली ते बघाय पायजे’? बघा मंडळी, हे खरं डोकं! पुरुषमाणसानं निकाल दिला, बाईमाणसानं चौकशी मागितली. घरीही असंच चालतं ना? पेटीवाले, हसू नका, तुमच्या घरचंही ठाऊक आहे मला!

बरं, ती उदबत्ती कुठली? चांदीच्या उदबत्तीदाणीत लावायची? सोनेरी डबीतली? छे हो! साधी! मसाल्याची! चहाच्या कपाला लागतात त्याहून कमी पैशात पुडा मिळतो, त्यातली!

नाकं मुरडू नका. आपण देवाला काय देतो ते मला माहीत आहे. दुकानात जाऊन खोबरं मागा, दुकानदार काय विचारतो? ‘खायचं का पूजेचं?’ सुपारी मागा, ‘खायची का पूजेची?’ तूप मागा, ‘खायचं का दिव्याचं?’ खायचं ते चांगलं आणि पूजेचं ते... जाऊ द्या! देव तक्रार करत नाही म्हणून सगळं चाललंय! एक दिवस देवानं खोबरं चाखून थुंकलं ना, तर निम्मी दुकानं बंद होतील!

पण ही मसाल्याची उदबत्ती त्यातली नव्हे हं. ती स्वस्त आहे, लबाड नाही. कशी करतात ठाऊक आहे? कोळशाची पूड घ्यायची, जिगट नावाची चिकट सालीची भुकटी घ्यायची. त्यात वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी, सुकलेल्या गुलाबाच्या पाकळ्यांचा चुरा, परवडेल तेवढा चंदनाचा भुसा. पाणी घालून कणकेसारखं मळायचं. पाटावर काडी ठेवायची आणि तळहातानं सर्रकन फिरवायची. झाली उदबत्ती! वास वरून शिंपडायचा नाही, वास त्या कणकेतच! आणि काही भारीतल्या असतात — सगळ्या नव्हेत, काही — काडी कोरी, नुसती अत्तरात बुडवलेली. पेटवली की वास धावत अंगावर येतो. पुढाऱ्यासारखा! आला, गळ्यात पडला, गेला. मसाल्याची पेटवा. आधी वाटतं, वास येतोय का नाही? थोडा वेळ बसा. मग कळतं, अरे, हा तर कधीचा येऊन शेजारी बसलाय! आणि दुसऱ्या दिवशी घडी घातलेलं लुगडं उघडावं, तर त्यातही आहेच.

तर अशी ही उदबत्ती. आणि तिच्यासाठी एक म्हातारी उपाशी राहिली. त्याची ही गोष्ट.

हिवरकुंडी नावाचं गाव. गावाला नदी, नदीला घाट, घाटावर सोमेश्वराचं देऊळ. देवळात तुळाजी गुरव. त्याच्या बापानं त्या देवाची सेवा केली, आज्यानं केली. साठीच्या पुढचा माणूस, एका गुडघ्यानं अधू, पण पहाटे उठून गाभारा धुण्यात एक दिवस खंड नाही. मनानं चांगला. फक्त जिभेला गुडघ्यासारखं दुखणं नव्हतं, ती फार जोरात धावायची! असतात अशी माणसं. इथंही दोन-चार बसली आहेत, नावं घेत नाही!

देवळाच्या पायरीशी चंद्राक्का बसायची. सुपात उदबत्तीचे पुडे मांडून. उदबत्ती स्वतः वळायची, स्वतः विकायची. लोक म्हणायचे, ‘आक्का, जरा किंमत वाढव की.’ ती म्हणायची, ‘ज्याच्या हातात फूल न्हाई, नारळ न्हाई, त्याला देवाम्होरं काय तरी पेटवाया पायजे का नको? त्येनं काय मोकळ्या हातानं जायाचं?’ आणि तिचा एक नेम होता. सांजेची आरती घेतल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. आरती घेणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. निरांजन फिरत येतं, त्यावर दोन्ही हात धरायचे आणि ती ऊब तोंडावरून फिरवायची. नव्या नवरीपणी सासूनं घालून दिलेला नेम. आक्कानं तो बाळंतपणात पाळला, तापात पाळला. नवरा गेला त्या दिवशीही कुणीतरी निरांजन घरी आणलं होतं.

पण वय कुणाला सोडतं? आक्काचे डोळे गेले. मग कान गेले, ढोल वाजला तरी कळेना! आणि एक दिवस परड्यात पाय घसरून पडली ती अंथरुणालाच खिळली. आता राहिलं काय? नाक! डोळे गेले, कान गेले, पाय गेले. देवानं सगळी दारं लावून घेतली आणि एक खिडकी उघडी ठेवली.

घरात सून होती, मालन. उदबत्ती वळायला आणि सूप घेऊन पायरीशी बसायला आता तीच. आक्काचा मुलगा ट्रकवर, आज इथं तर उद्या हैदराबादला. घरात दोघीच. आता बहिऱ्या-आंधळ्या सासूशी बोलायचं कसं? मालननं युक्ती काढली. आक्कानं काही विचारलं आणि उत्तर ‘हो’ असेल, तर मालन तिच्या डोक्यावर हात ठेवायची. ‘नाही’ असेल, तर तिच्या तळहातावर थापटायची. झालं! दोन शब्दांत दोघींचा संसार! आणि मंडळी, तुमच्याकडे हजार शब्द आहेत, मोबाईल आहे, तरी सासू-सुनेचं जमतं का? ... बायका गप्प झाल्या बघा!

आता नेमाचं काय करायचं? देवळातलं निरांजन घरी आणावं, तर नदीचा वारा! दहा पावलांत विझतं. रोज रोज कोण आणणार? तेव्हा मालननं विचार केला, ज्योत येत नाही, निखारा येईल. आरती चालू असताना देवापुढच्या वाळूच्या घमेल्यात माणसं उदबत्त्या खोचायची. आरती संपली की त्यातली आपण स्वतः खोचलेली, अर्धी जळालेली उदबत्ती मालन उचलायची, पदराचा आडोसा करायची आणि भराभर घर गाठायची. आक्काच्या उशाशी धरायची. म्हातारी दोन्ही तळव्यांची ओंजळ करून तो धूर घ्यायची, तोंडावरून फिरवायची, म्हणायची, ‘आलास का बाबा सोमेश्वरा! बस, बस. म्या जेवती.’ आणि मग जेवायची. दिवसातलं तेवढंच एक जेवण तिचं, दूध-भाकरीचा कुस्करा.

आता कळलं कशाला नेली? फेटेवाले, अजून चोरीच म्हणता का? ... मान खाली घालू नका, तुमच्यासारखाच आणखी एक होता.

तुळाजी गुरव! त्याच्या बापानं त्याला सांगून ठेवलं होतं, ‘देवाम्होरं जळतंय ते देवाचं. त्याची राख झाली, अंगारा झाला, की माणसाचं. जळतं उचलायचं न्हाई. उंबऱ्याबाहेर तर न्यायचंच न्हाई.’ आणि वाळूच्या घमेल्यात रोज एक भोक मोकळं दिसायचं. उदबत्ती नाही, नुसतं भोक! तुळाजीनं मनात धरलं. नंदीआड उभा राहिला. आरती झाली, माणसं पांगू लागली आणि मालननं वाकून उदबत्ती उचलली.

‘थांब!’

सगळं देऊळ थांबलं.

‘रोज नेतीस ती तूच व्हय? आन् कशाला नेतीस त्ये बी कळलं मला! उदबत्ती वळणाऱ्याचं घर न्हवं का तुमचं? देवाची अर्धी उदबत्ती न्यायची, कुटायची, परत मसाल्यात मळायची आन् उद्या आम्हालाच इकायची!’

बघा! माणसाचा संशय कसा चालतो! चोरी दिसली नाही, तोवर चोरीचा धंदासुद्धा मनात थाटून झाला! आणि ऐकणारे? ते खो खो हसले. कुणीतरी मागून म्हणालं, ‘म्हणूनच एवढी स्वस्त देतीया!’ आता मला सांगा, त्या म्हातारीनं जन्मभर कशासाठी स्वस्त दिली होती? आणि गावानं एका हशात त्याचं काय करून टाकलं?

मालन म्हणाली, ‘मामा, आक्काला—’

‘आक्काचं नाव मधी आणू नगंस!’ तुळाजीनं तिच्या हातातून उदबत्ती घेतली, वाळूत परत खोचली. ‘परत घमेल्याला हात लावलास तर पायरीवर बसू द्यायचा न्हाई.’

मालननं डोळ्याला पदर लावला नाही, काही नाही. पायऱ्या उतरून गेली. रिकामा पदर, सवयीनं अजून आडोशासारखा धरलेला.

घरी आक्का वाट बघतेय. ‘आली का गं आरती?’

मालन उभी राहिली. आणि तिला वाटलं, घरात पुडे पडलेत. तोच मसाला, तीच काडी, माझ्याच हाताची वळणी. आंधळ्या माणसाला काय कळतंय? तिनं एक पेटवली. थोडी जळू दिली. मग आक्काच्या उशाशी धरली.

मंडळी, नाकाला फरक कळला नाही! कळणार कसा? उदबत्ती तीच! आक्कानं ओंजळ केली, धूर घेतला, तोंड उजळलं. ‘आलास का बाबा!’ मालननं कुस्कऱ्याचा घास तिच्या हातात दिला. आक्कानं घास उचलला आणि रोजच्यासारखं विचारलं, ‘सोमेश्वराचं सगळं यवस्थित झालं न्हवं?’

आता डोक्यावर हात ठेवायचा. बस! एवढंच! हात ठेवला की म्हातारी जेवली. कुणाचं काय जातंय?

मालनचा हात वर गेला आणि अर्ध्यावर थांबला. मग खाली आला. तिनं आक्काचा मोकळा तळहात हातात घेतला आणि थापटलं. न्हाई.

‘न्हाई? म्हंजी ही देवाम्होरची न्हवं?’

परत थापटलं.

आक्कानं घास ताटात ठेवला. राग नाही, त्रागा नाही. ‘बरं. मग ऱ्हाऊ दे. देवाचं झाल्याबिगर मी कशी जेवू? का गं, आज तू गेली न्हाईस का?’ मालननं हातच काढून घेतला. तुळाजीमामा असं असं बोलले, हे ती कुठल्या खुणेनं सांगणार? आणि सांगता आलं असतं, तरी सांगितलं नसतं तिनं. म्हातारीच्या जन्मभराच्या देवळाचा वास तिला कडू करायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशीही तेच. शेजारची इंदुबाई धावत आली. तिच्या जावयानं शहरातून आणलेली, सोनेरी डबीतली भारी अगरबत्ती घेऊन! म्हणाली, ‘हिनं तरी खूश हुईल म्हातारी!’ पेटवली. आक्काला शिंकांवर शिंका! म्हणते, ‘मालन, कुणाचं लगीन हाय गं? वऱ्हाड आलंय व्हय घरात? बस म्हणावं, चहा टाक!’ हसता काय? इंदुबाईही हसली. पण हसता हसता तिनं ताट बघितलं. कालचं तसंच. तेव्हा ती मालनवर चिडली. ‘काल घरची पेटवलीस तवा ती जेवाय लागली व्हती. गप डोस्क्यावर हात ठेवायचा! लबाडी केली असतीस म्हणून काय बिघडलं असतं?’

आणि मंडळी, ती अडाणी पोर काय म्हणाली ऐका. म्हणाली, ‘काकी, तिला दिसत न्हाई, ऐकू येत न्हाई. जगात काय चाललंय त्ये तिला सांगणारी मी एकलीच. मी बी खोटं सांगितलं, तर तिला जग ऱ्हायलं कुठं?’

आम्ही एवढ्या पोथ्या वाचतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ‘होय होय’ म्हणून वाटेला लावतो. ‘डॉक्टरनं काय सांगितलं रे?’ ‘काही नाही, बरे व्हाल.’ ‘धाकट्याचा फोन आला होता का?’ ‘आला होता, आला होता.’ कुठं आला होता? पण सोपं पडतं ना! मालनला सोपं नको होतं.

तिसऱ्या दिवशी आक्कानं सकाळचं घोटभर दूधही नाकारलं. तोंड भिंतीकडं केलं. तेव्हा मात्र इंदुबाई तडक देवळात गेली. पायरीवरची मालनची जागा रिकामीच होती. तुळाजी बेल निवडत बसला होता. इंदुबाईनं मागं-पुढं बघितलं नाही. ‘मामा, आवं चंद्राक्का मरायला टेकली तुमच्यापायी!’ आणि सगळं सांगितलं. नेम सांगितला, धूर सांगितला, मालननं खरं सांगितल्यानं ताटात राहिलेला घास सांगितला.

तुळाजीच्या हातातला बेल तसाच राहिला. त्याला पायरीवरचं ते सूप दिसायला लागलं. त्याची बायको आजारी होती तेव्हा याच आक्कानं गाभारा झाडून दिला होता. आणि आपण तिच्या सुनेला सगळ्या गावासमोर काय बोललो! पण बघा, माणूस चूक कळली तरी सरळ नाही वळत! आधी पळवाट शोधतो. तुळाजीला वाटलं, जळतं नेता येत नाही, पण अंगारा तर नेता येतो! त्यानं घमेल्यातली राख कागदात बांधली आणि गुडघा ओढत चंद्राक्काच्या घरी गेला.

दारात मालन. बघून तिनं पदर डोक्यावर घेतला, बाजूला झाली. ‘या मामा.’ बस, एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं हो त्याला!

तुळाजीनं आक्काच्या कपाळाला अंगारा लावला. म्हातारी चाचपडली. त्याचा हात धरला, नाकाशी नेला. ‘बेलाचा वास हाय. तुळाजी न्हवं का तू? आलास व्हय! आन् हा अंगारा आणलास. बरं केलंस. पर ह्यो थंड हाय रं. राख झाल्यावर समदेच देत्यात, तुळाजी. जळतंय तवर कुणी देत न्हाई.’

हे तिनं चिडून म्हटलं नाही हं. तिला तर काही ठाऊकच नव्हतं! सहज बोलून गेली. पण तुळाजी तिथंच तिच्या अंथरुणाशी खाली बसला.

आक्काचं चालूच. ‘तुळाजी, आरती बंद केलीस का रं?’ तुळाजीनं मालनकडं बघितलं. तिनं हळूच सांगितलं, ‘न्हाई म्हणायचं तर हातावर थापटा, मामा.’ त्यानं थापटलं.

‘मग मालननं आळस केला? देवळात गेली न्हाई पोर?’

तुळाजीनं पुन्हा थापटलं. जोरात थापटलं!

‘मग कुणी आडवलं तिला?’

आता? याला ना ‘हो’ चालत, ना ‘नाही’. आणि त्या म्हातारीला ऐकू येत नाही, दिसत नाही! माफी मागायची तर मागायची कशी? मंडळी, जी जीभ भर देवळात एवढी धावली होती, तिचा काडीचा उपयोग नाही आता!

तुळाजीनं आक्काचा हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावर ठेवला. तिची बोटं त्याच्या गालावरून फिरली, डोळ्यापाशी थांबली. ओली झाली. मग तिला कळलं. सगळं कळलं. म्हणाली, ‘तू व्हय. अरं येड्या!’ आणि त्याच गालावर तिनं हलकेच थापटलं. म्हणजे काय? म्हणजे न्हाई! ‘न्हाई, मी रागावली न्हाई.’ मग म्हणाली, ‘ऊठ. रडत बसू नगंस. सांज झाली असंल. आरतीची येळ चुकवू नगंस माझ्यापायी.’

उठला तुळाजी. देवळात गेला. त्या सांजेला आरतीला गर्दी होती. घंटा वाजली, आरती झाली, निरांजन फिरलं. माणसं निघायला लागली आणि तुळाजी गाभाऱ्याच्या दारात उभा राहून म्हणाला, ‘जरा थांबा समदी. मालनला मी चोर म्हणालो. तुम्ही हसला. ती चोर न्हाई. ती रोज आक्काला आरती न्यायाची. म्हातारी तीन दिस उपाशी हाय आन् त्ये पाप माझ्या जिभेचं हाय.’

मागं हसलेल्यांच्या माना खाली गेल्या. तुळाजी वाळूच्या घमेल्याकडं वळला, वाकला आणि बापाच्या सगळ्या शिकवणीला मनातल्या मनात हात जोडून त्यानं जळती उदबत्ती उचलली. उंबऱ्यापाशी पाऊल अडलं. खरंच अडलं! जन्मभराची सवय. मागं वळून त्यानं पिंडीकडं बघितलं. ‘देवा, चुकलं तर मला बोल. तिला उपाशी ठेवू नगंस.’ आणि उंबरा ओलांडला.

आता पुढं ऐका! उदबत्ती अर्धी झालेली. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. नदीवरून वारा भणाणतोय, म्हणजे उदबत्ती जास्तच भराभर जळणार! आणि गुडघा काही चालू देत नाही! तुळाजीनं उपरण्याचा आडोसा केला. निघाला. चावडीपाशी पाटलांनी हाक मारली, ‘तुळाजी, हे काय घेऊन चाललास?’ एरवी पाटलांपुढं कमरेत वाकणारा माणूस! थांबला नाही. ‘परत येताना सांगतो!’ एक म्हणतो, ‘द्या मामा, मी पळत जाऊन देतो.’ ‘न्हाई! आडवली मी, पोचवणार मी!’ उदबत्ती सरत चाललीय, राख बोटावर पडतेय, निखारा काडीच्या बुडाकडं सरकतोय. बोटाला चटका बसला. सोडली नाही! मागं बघतो तर काय? आरतीला आलेली सगळी माणसं त्याच्यामागं चाललेली. वाऱ्याच्या बाजूला होऊन चालताहेत सगळी, त्या एवढ्याशा ठिणगीला वारा लागू नये म्हणून!

दारात पोचला तेव्हा बोटभर उरली होती. आणि तो आत पाऊल टाकायच्या आधीच भिंतीकडं तोंड करून पडलेल्या आक्कानं, धुराबरोबर बेलाचा वास येताच, मान वळवली. ‘मालन! उठव मला! आली! आरती आली!’

मालननं तिला उठवून बसवलं. तुळाजीनं उदबत्ती पुढं धरली. म्हातारीनं ओंजळ केली, तो धूर घेतला, तोंडावरून फिरवला. पुन्हा घेतला. नुसते ओठ हलले. निखारा काडीशी आला आणि विझला.

मालननं घास हातात दिला. वाटलं, आता खाईल. तर आक्कानं घास तसाच धरला आणि दुसऱ्या हातानं मालनचं तोंड चाचपलं. गाल चाचपले. आत गेलेले! ‘मालन, तू जेवलीस का गं ह्या तीन दिसात?’

मंडळी, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं! इंदुबाईच्या नाही, तुळाजीच्या नाही. खरं सांगा, तुमच्या तरी आलं होतं का? सगळं गाव म्हातारीच्या उपासाची काळजी करत होतं. सासू जेवल्याशिवाय सून कशी जेवेल, हे कुणी विचारलंच नाही!

मालनला खोटं बोलता येत नव्हतं. तिनं आक्काच्या तळहातावर हलकेच थापटलं. न्हाई.

‘बघ!’ म्हणाली म्हातारी. ‘देव जेवला, मी जेवणार, आन् तू उपाशी? कुठला नेम हा? आ कर!’ आणि तो पहिला घास, आरती घेतलेल्या हातानं, चाचपत चाचपत, आक्कानं सुनेच्या तोंडात घातला. मालननं तीन दिवस धरून ठेवलेलं रडू तेव्हा फुटलं. आणि तुळाजी दाराशी उभा राहून चटका बसलेलं बोट तोंडात घालून लहान पोरासारखा रडत होता.

तर सांगा आता! चोरी की पूजा?

हां! आता सगळे म्हणता ‘पूजा’! आता सोपं आहे म्हणायला!

माझं तुमच्याशी एवढंच भांडण आहे, मंडळी. घरात फोटो असतात ना? आईचा, वडिलांचा, आजीचा. चंदनाचा हार घालता. रोज उदबत्ती लावता, न चुकता. भारीतली लावता, ‘आईला आवडायची’ म्हणता! आवडायची ना? मग ती त्या कोपऱ्यातल्या खोलीत पडून होती, ‘आज देवळात काय झालं रे?’ म्हणून विचारत होती, तेव्हा कुठं होती ही उदबत्ती? तेव्हा तुम्हाला वेळ नव्हता. ती खाटेवर होती तोवर तिच्या खोलीत वास येतो म्हणून दार लोटून घेतलंत, आणि फोटोत गेली तेव्हा सुगंध घेऊन आलात! मी कुणा एकाला म्हणत नाही. पण ज्यांनी आत्ता नजर वळवली ना, त्यांना कळलंय.

आणि ज्यांच्या घरी अजून कुणी आहे, ते खरे नशीबवान! आज सप्त्याला येता आलं नाही म्हणून कुणाची आई घरी पडून असेल. कुणाचे सासरे. कुणाची आत्या, जिला आता माणसंही ओळखू येत नाहीत. त्यांनी सकाळपासून विचारलं असेल, ‘कीर्तन कुणाचं आहे? आरती किती वाजता?’ आणि तुम्ही काय म्हणालात? ‘तू झोप.’

आता आपली आरती होईल. या वाळूत तुम्हीच खोचलेल्या, पाच-दहा रुपयांच्या पुड्यातल्या उदबत्त्या जळताहेत. गुरव काका, तुमची हरकत आहे का? ... नाही म्हणताहेत, ऐकलंत? तर आरती झाली की ज्याच्या घरी कुणी अंथरुणावर आहे त्यानं पुढं यावं, वाकावं, एक जळती उदबत्ती उचलावी आणि थेट घरी जावं. वाटेत कुणी हाक मारली तर थांबू नका. पोचाल तेव्हा बोटभर उरेल. तेवढी पुरते.

उठा आता. पेटीवाले, स्वर द्या. घंटा वाजवा!